आमच्याकडे ढेकूण नाहीत!

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (पत्रात सगळेच साष्टांग नमस्कार घालतात आणि घालताना खुर्चीत बसलेले असतात. मी मात्र मधले कितीतरी दिवस फरशीवर सपाट पडूनच काढले, तेव्हा आठही अंगं जमिनीला टेकवलेला अस्सल नमस्कार तुम्हाला आयुष्यात एकदा तरी मिळाला असं समजा.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून बोलतात का? मामींची कवळी नीट बसली का, की अजूनही ती फक्त जेवताना काढून ठेवण्यापुरतीच आहे?

इकडे आम्ही तिघंही सुखरूप आहोत. हे आधीच लिहून टाकतो, कारण आईनं मध्ये तुम्हाला 'इथं जे चाललंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही' एवढंच सांगून फोन ठेवला, आणि त्यानंतर तुम्ही काळजीनं केलेले सगळे फोन 'आत्ता नको, कुणीतरी ऐकेल' म्हणून कापले, हे मला परवाच कळलं. तुम्ही बापडे काय काय समजला असाल! कुणीतरी अंथरुणाला खिळलंय, माझी नोकरी गेलीय, सूनबाई माहेरी निघून गेलीय. खरं सांगायचं तर यातल्या शेवटच्या दोन गोष्टी अगदी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेल्या. पहिलीचा प्रश्नच नव्हता. अंथरुणाला खिळायला आधी अंथरुणात पडता यावं लागतं.

तर ताजी बातमी अशी, की काल रात्री आम्ही झोपलो. अख्खी रात्र. मला जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप पायाच्या अंगठ्यापर्यंत आली होती. क्षणभर वाटलं, आपण गेलोच. मग शेजारच्या खोलीतून आईचं घोरणं ऐकू आलं आणि जिवात जीव आला. सूनबाई त्या खोलीच्या दारात उभी राहून ते घोरणं असं ऐकत होती, जणू आत कुणी मोठा गवई बसलाय. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. चहासुद्धा आम्ही बशीचा आवाज न करता प्यायलो. आता सगळं सविस्तर सांगायला हरकत नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, मी शहराच्या आरोग्य खात्यात आहे. पण खात्यात म्हणजे तळघरात. लोकांच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून यायचं आणि मी त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचो. बाटल्यांशी बोलायची सोय नसल्यामुळे माझ्या आवाजाची खात्यात कुणाला कल्पना नव्हती. (हा आवाज आजोळचा, असं आई म्हणते. तुम्ही एकदा गच्चीवरून मामींना हाक मारलीत आणि मागच्या गल्लीतला एक अनोळखी गृहस्थ 'आलो, आलो' म्हणत धावत आला होता, तो प्रसंग ती अजून सांगते.) एके दिवशी तळघरातला दिवा गेला. मी जिन्याच्या तळाशी उभा राहून 'बल्ब!' अशी साधी हाक मारली. ती तिसऱ्या मजल्यावर बैठकीत बसलेल्या मोठ्या बाईंच्या कानी पडली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुख डॉक्टर. (उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागतात, मोठेपणा सगळा कपाळावरच्या आठीत आहे.) त्यांनी बैठक अर्धवट सोडून विचारलं, हा कोण ओरडला? दुसऱ्या दिवशी माझी बढती झाली. शहरात ढेकूण माजले होते, ते घालवायची मोहीम निघाली होती, आणि मोहिमेच्या गाडीवर कर्ण्यातून बोलायला त्यांना माणूस हवा होता.

मामा, ती गाडी तुम्ही पाहायला हवी. फिकट निळी, टपावर दोन कर्णे, मागे वाफेचं यंत्र, त्याच्याशेजारी दोन फवारणीवाले, आणि पुढं चालकाच्या बाजूला हातात माईक घेऊन तुमचा भाचा. मजकूर मी स्वतः लिहिला होता. 'नागरिकहो! ढेकूण होणं ही लाजेची गोष्ट नाही. ढेकूण गरिबाकडे होतात, श्रीमंताकडे होतात, झाडलोट करणाऱ्याकडे होतात, न करणाऱ्याकडेही होतात. लपवू नका! एक फोन करा, आम्ही फुकट येऊ!' शेवटच्या वाक्याला मी आवाज असा काही चढवायचो, की चालक कानात कापूस घालून यायला लागला.

परिणाम काय झाला, तर खिडक्या लागल्या. आम्ही गल्लीत वळलो रे वळलो, की खिडक्या लागण्याचा आवाज आमच्यापुढं पळत जायचा. गाडी दारात उभी राहणं म्हणजे अब्रूच गेली. जो तो शेजारच्या दाराकडे बोट दाखवायचा, आणि शेजारी गेलं की तो परत पहिल्या दाराकडे पाठवायचा. एक गृहस्थ भर उकाड्यात मनगटापर्यंत बटणं लावून दारात उभे राहिले, हातातली लाकडी पट्टी कॉलरमधून पाठीत घालून खालीवर करत राहिले, आणि ढेकूण कसा दिसतो तेही आपल्याला माहीत नाही असं सांगत राहिले. एका बाईंनी फवारणीवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्ही रंगारी म्हणून याल का? आणखी एकानं गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून वाफेची नळी तेवढी घरापर्यंत लांबवायची विनंती केली. बरं, एकाच घरात फवारून उपयोग नसतो. ढेकूण भिंतीतून शेजारी जातात आणि वातावरण निवळलं की परत येतात. त्यामुळे इमारतीतल्या सगळ्यांना हो म्हणावं लागतं. आणि इथं एकही 'हो' मिळत नव्हता. मोठ्या बाईंच्या कपाळावरची आठी दुहेरी झाली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत एक तरी इमारत पुरी झाली नाही तर गाडी उंदरांच्या विभागाला आणि तू बाटल्यांना.

अशातच आमच्या घरी सुरुवात झाली.

आधी माझ्या हातावर गांधी उठल्या. मी म्हटलं, उष्णता. मग आईच्या मानेवर उठल्या. आई म्हणाली, सूनबाईनं आणलेला नवा साबण. सूनबाई घरी शिवणकाम करते हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे शिवण कुठं उघडायची हे तिला सांगावं लागत नाही. तिनं गादीचा कोपरा उचलला, अंगठ्यानं काठाची शिवण उलटली, कात्रीचं टोक आत धरलं आणि मला म्हणाली, "हे बघा तुमचे नागरिक."

मी पाहिलं. सहकुटुंब होते.

आता तुमच्या ताईचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगणार! आईनं ते पाहायलाच नकार दिला. ढेकूण हा शब्द घरात उच्चारायचा नाही असा तिनं हुकूम काढला. (माझा तर तो धंद्याचा शब्द. दिवसभर कर्ण्यातून तोच म्हणायचा आणि घरात पाऊल टाकलं की गिळायचा.) पण बोलायची वेळ रोजच येई, म्हणून तिनंच त्यांना 'पाहुणे' असं नाव दिलं. झालं! आमच्या खाली औषधांचं दुकान आहे आणि दुकानदार दुकानामागच्याच खोलीत राहतात. आमच्याकडचं बोलणं त्यांना वरच्या खिडकीतून फुकट ऐकू येतं. 'पाहुणे काल फार झाले', 'पाहुणे आईंच्या खोलीतही गेले', 'यांना घालवायचं तरी कसं', हे ऐकून त्या भल्या माणसाला आमचा कळवळा आला. त्यांनी एक दिवस दोन घडीच्या खुर्च्या वर आणून दिल्या. मला जिन्यात गाठून म्हणाले, "अजून बरेच दिवस राहणार आहेत का? तोंडावर सांगायला शिका. नाहीतर हे असले लोक रक्त पितात हो!" मी म्हटलं, अगदी खरं बोललात.

हसण्यासारखं एवढंच. बाकी घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. सूनबाईनं शिवणकाम बंद केलं. कपडा शिवून दिला आणि त्याच्या नेफ्यातून ही ब्याद कुणाच्या घरी गेली तर? तिला ते सहन होण्यासारखं नव्हतं. हात मुरगळला असं तिनं गिऱ्हाइकांना सांगितलं, मनगटाला पट्टी बांधली आणि मशीनवर झाकण घातलं. मग त्या झाकलेल्या मशीनशेजारी ती अशी बसून राहायची, जसं घरात कुणी आजारी असलं की उशाशी बसतात. गिऱ्हाइकं थोडे दिवस थांबली आणि मग कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाऊ लागली. ती जाताना तिला खिडकीतून दिसायची. तिनं मला सरळ सांगितलं, आपलं नाव द्या. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? मी मोहिमेचा आवाज आहे. माझ्याच दारात गाडी? ती म्हणाली, "दिवसभर तुम्ही लोकांना सांगता, लाजू नका, लपवू नका." मी म्हटलं, ते सरकारी आहे. माहेरच्या गोष्टी निघाल्या त्या तिथून पुढं.

मग मी गुपचूप उपाय सुरू केले. (खात्यात मी स्वतःच लोकांना सांगायचो, घरगुती उपाय करू नका.) पलंगाच्या सांध्यांत रॉकेल भरलं, तर ढेकूण राहिले आणि आईला उलट्या सुरू झाल्या. गादी उन्हात टाकायची म्हटलं, तर गच्चीवर लोकांना दिसेल म्हणून आईनं ती घरातच खिडकीपाशी उभी केली. गादीनं ऊन तर घेतलं नाहीच, वर आमचाही उजेड अडवला. शेवटी मी पलंगावर उकळतं पाणी ओतलं. पलंगातून ते फरशीवर, फरशीच्या फटीतून खाली, आणि खाली औषधवाल्यांच्या खोकल्याच्या बाटल्यांवर. ते धावत वर आले. मी सांगितलं, पाहुण्यांनी आंघोळीचं पाणी सांडलं. ते म्हणाले, "पलंगावर बसून आंघोळ करतात?" आणि त्या दिवसापासून पाहुण्यांविषयी त्यांचं मत फारच वाईट झालं.

या काळात आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत फरशीवर झोपत होतो, म्हणजे पडत होतो. माझा आवाज बसला. 'लाजेची गोष्ट नाही' म्हणताना कर्ण्यातून नुसती शिट्टी यायची.

एके दिवशी दुपारी आम्ही नेहमीसारखे निघालो. कोणत्या गल्लीत जायचं ते फवारणीवाले ठरवतात, मी विचारत नाही. त्यातून बोलताना मला डोळे मिटायची सवय लागलीय. त्यानं आवाज चांगला लागतो. गाडी वळली, थांबली, मी 'एक फोन करा, आम्ही फुकट येऊ' असं म्हणून डोळे उघडले, तर समोर आमचं दार. दारात सूनबाई. मनगटावरची पट्टी सोडलेली. फवारणीवाला खाली उतरून तिला म्हणतोय, "बाई, फोन तुम्हीच केला होता ना?" तिनं माहेरचं आडनाव सांगून फोन केला होता. ती मान डोलावून म्हणाली, "मीच. वरच्या मजल्यावर. या." आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्हीही या, तुमचंच घर आहे."

तरी अजून सगळं निभावलं असतं, मामा. गल्लीतल्या खिडक्या नेहमीसारख्या बंद होत्या, कुणाला काही कळलं नव्हतं, दोन मिनिटांत माणसं वर गेली असती. पण तेवढ्यात तुमची ताई खाली आली. अंगावर पांढरी शाल, पायांत दोन वेगळ्या चपला. ती गाडीपाशी आली, माझ्या हातातला माईक तिनं ओढून घेतला, आणि आजोळचा अस्सल आवाज पहिल्यांदाच यंत्रातून निघाला.

"ऐका हो सगळे! मी या कर्णेवाल्याची आई बोलतेय. आमच्याकडे ढेकूण नाहीत! नव्हते, नाहीत आणि होणार नाहीत. ही गाडी चुकून आलीय. कुणी भलतंसलतं बोललं तर माझ्याशी गाठ आहे!"

तोवर भलतंसलतं कुणाच्या मनातही नव्हतं. आता धडाधड खिडक्या उघडल्या. मोहीम सुरू झाल्यापासून एवढ्या उघड्या खिडक्या मी पाहिल्या नव्हत्या. औषधवाले दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडताना मला दिसला. "म्हणजे ते पाहुणे..." एवढंच ते म्हणाले.

आई बोलतच होती. फरशी ती दिवसातून किती वेळा पुसते, अभ्रे कसे उकळते, हे सगळं गल्लीला ऐकवत होती. इतक्यात सूनबाई तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आई, मानेवर."

"काय मानेवर?"

"पाहुणा."

हे दोघींचं हळू बोलणं कर्ण्यातून तिसऱ्या चौकापर्यंत गेलं. आईनं 'अगं बाई! काढ, काढ!' म्हणून शाल झटकली, तेही गेलं. शालीतून तो टपकन गाडीच्या पायरीवर पडला, आणि फवारणीवाल्यानं बूट ठेवला. गल्ली हसली. एकदम, सगळीच्या सगळी. मला वाटलं, आता आई माईक टाकून वर जाईल आणि दार लावून घेईल, आणि आपण जन्मभर ते दार वाजवत बसू. तिचा चेहराच तसा झाला होता. एवढीशी दिसत होती ती.

पण तिनं माईक टाकला नाही. तो पुन्हा तोंडापाशी धरला. मग म्हणाली, "बरं. आहेत. आमच्याकडे ढेकूण आहेत." आणि डोकं वर करून, "हसायला काय झालं? समोरच्या तळमजल्यावरचे, हो, तुम्हीच! तुम्ही रोज दुपारी गादी काठीनं बडवता, ती काय तिनं चोरी केली म्हणून? त्यांच्या वरचे मास्तर, तुम्ही पहाटे आरामखुर्ची उलटी करून तिच्यात किटली रिकामी करता, ती काय खुर्चीला चहा आवडतो म्हणून? आणि टोकाच्या घरातल्या, तुमच्या पलंगाचे चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत उभे आहेत, मला माझ्या खिडकीतून दिसतात. पलंगाला पोहायला शिकवताय का?"

हसणं थांबलं. तुम्हाला माहीत आहे, आई दिवसभर खिडकीत बसलेली असते. आम्ही समजत होतो, ती हवा खाते. ती सगळ्या गल्लीचं घरदार तोंडपाठ करत होती! एकेका घराचं नाव निघेल तशी एकेक खिडकी लाजून आत जात होती. शेवटी सूनबाईनं तिच्या हातातून माईक घेतला. तिला असं बोलायची सवय नाही. ती म्हणाली, "माझा हात मुरगळलेला नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझ्या शिवणीतून हे तुमच्याकडे जाऊ नयेत म्हणून मी काम थांबवलं. आमचं घर आज साफ होईल, पण तुमच्यातले परत येतील. मला मशीन उघडायचंय हो. एवढंच."

मी इतके दिवस डोळे मिटून, आवाज चढवून जे बोललो, त्यातलं एक वाक्य असं नव्हतं.

पहिले आले ते किटलीवाले मास्तर. खाली आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याही खुर्चीचं जरा बघता का?" मग औषधवाले पायरी उतरले. म्हणाले, "आता मीही बोलतो. या गल्लीतल्या प्रत्येक घरानं माझ्याकडून खाजेचं मलम नेलंय, आणि प्रत्येकानं सांगितलंय की लांबच्या नातेवाइकासाठी हवंय. मला वाटायचं, यांचे लांबचे नातेवाईक तरी किती खाजवतात!" यावर जे हसू झालं ते निराळं होतं. त्यात खिडक्यांतले लोकही होते. गाडीमागे रांग लागली. गादी बडवणाऱ्या बाई काठीसकट आल्या होत्या.

पुढचे दिवस आमच्या इमारतीचं सगळं सामान अंगणात आणि माणसं जिन्यात. पलंग सुटे केले, कपडे गरम पाण्यातून काढून पिशव्यांत बांधले, गाद्यांच्या शिवणींवरून वाफ फिरवली, फटींत औषध मारून त्या पुट्टीनं बुजवल्या. अंडी मागे राहतात म्हणून काही दिवसांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी आई आणि सूनबाई जिन्यात पालथ्या बादल्यांवर बसल्या होत्या. मी वरच्या पायरीवर होतो, ते त्यांच्या लक्षात नव्हतं. आई तिला सांगत होती, की ती लहान असताना तुमच्या घरी असेच ढेकूण झाले होते. तुम्ही तेव्हा पाळण्यात असाल. ती एका मैत्रिणीकडे खेळायला गेली, तर मैत्रिणीच्या आईनं तिला खुर्चीवरून उठवलं आणि ती उठल्यावर खुर्ची झटकली. बस, एवढंच. तेव्हापासून आई घर झाडतेय, मामा. मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. सूनबाई बादली सरकवून तिच्या जवळ बसली. मग आई म्हणाली, "तू मला आधीच का नाही गं सांगितलंस?" ती म्हणाली, सांगितलं होतं. आई म्हणाली, "मग जरा मोठ्यानं सांगायचं!"

परवा मोठ्या बाई स्वतः टॉर्च घेऊन आल्या. पलंगाखाली शिरल्या (उंचीचा फायदा), एकेक सांधा पाहिला, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "एकही नाही." त्यांच्या कपाळावर आठी नव्हती, मी आधी ओळखलंच नाही त्यांना. त्यांच्यामागोमाग आईनं टॉर्च घेऊन सगळं पुन्हा पाहिलं. आमच्यानंतर गल्लीतल्या बाकीच्या इमारतींनीही 'हो' म्हटलंय, गाडी उंदरांकडे जायची नाही आणि मीही बाटल्यांकडे जायचा नाही. सूनबाईनं काल सकाळी मशीनवरचं झाकण काढलं. पहिलं गिऱ्हाईक गादी बडवणाऱ्या बाई. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं त्यांच्या सदऱ्याची एक बाही कोपरापर्यंत आणि दुसरी बोटांपर्यंत शिवली होती, ती सारखी करायला आल्या. आत्ता हे लिहितोय तेव्हा मशीनचा आवाज चालू आहे. किती दिवसांनी! त्या आवाजावर मला पुन्हा झोप येतेय, तेव्हा इथंच थांबतो. मामींना नमस्कार, गुडघ्यांना शेक.

आपला,
डोळ्याला डोळा लागलेला
भाचा

ता. क. माझी नोकरी राहिली असं वर लिहिलंय, ते अगदी पूर्ण खरं नाही. मोठ्या बाईंनी आईला दुपारच्या फेरीला कर्ण्यावर बोलवलंय. आता ती बोलते आणि मी वायर धरतो. माझा मजकूर तिनं काढून टाकला. 'नागरिकहो' म्हणत नाही, 'काय हो' म्हणते. फोन थांबत नाहीत.

ता. क. २. हे पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो, रागावू नका. मामींनी काल सूनबाईला फोनवर सांगितलं, की तुमच्या दंडावर ओळीनं लाल गांधी उठल्यात, तुम्ही ती उष्णता म्हणताय आणि मलम लावताय. मामा, उष्णता ओळीनं उठत नाही. गेल्या खेपेला तुम्ही आमच्याकडे आठवडाभर राहून गेलात. आई म्हणते, ते तुमच्या वळकटीतून इकडे आले. मी म्हणतो, आमच्याकडून तिकडे गेले. सूनबाई म्हणते, यावर भांडणाऱ्यांनी आपापल्या गाद्या स्वतः शिवाव्यात. ते काहीही असो, मोहीम आता शेजारच्या गावांत निघालीय आणि पहिला नंबर तुमच्या गावाचा आहे. आईनं मोठ्या बाईंना सांगून तुमची गल्ली पहिली लावून घेतलीय. मंगळवारी येतो. तोवर तुम्ही आपण होऊन फोन करून नाव दिलंत तर गाडी गुपचूप दारात येईल. नाही दिलंत, तर आई तुम्हाला कर्ण्यातून लहानपणच्या नावानं हाक मारणार आहे. मी वायर काढून टाकेन म्हटलं, पण तिला वायरची गरज पडेल असं वाटत नाही.

ता. क. ३. मामी, नमस्कार. आलेली पत्रं आधी तुम्ही उघडता, हे मामांखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे. ते नाव देणार नाहीत, तेव्हा फोन तुम्हीच करा. हवं तर माहेरचं आडनाव सांगा, चालतं. मग पाकीट पुन्हा चिकटवून त्यांच्या उशाशी ठेवा. नको, उशाशी नको.